निरंक आणि अनुक्त : बांधणी-साधनातील सशर्त व्याख्यांची चाचणी



सरकारी कचेरीच्या कारभाराशी ज्यांचा थोडाबहुत संबंध आला आहे, त्यांना ‘निरंक’ हा शब्द नवा नाही. तालुक्याच्या कचेरीतून गावोगावची माहिती मागविली जाते. एखाद्या गावी त्या महिन्यात कळविण्यासारखे काही घडलेले नसेल, तर तेथून ‘निरंक’ असा अहवाल येतो. दुसऱ्या एखाद्या गावाहून अहवालच येत नाही. वरवर पाहता दोन्ही गावांची माहिती सारखीच, म्हणजे काहीच नाही. परंतु अनुभवी लेखनिक या दोहोंची गल्लत करीत नाही. पहिल्या गावाने उत्तर दिले आहे; ते उत्तर शून्य आहे, इतकेच. दुसऱ्या गावाने उत्तरच दिलेले नाही. पहिल्या गावाला स्मरणपत्र धाडणे जितके निरर्थक, तितकेच दुसऱ्या गावाच्या नावापुढे शून्य मांडून मोकळे होणे धोक्याचे. शाळेच्या हजेरीपटाचीही हीच गोष्ट. मुलाच्या नावापुढे गैरहजेरीची खूण असणे वेगळे आणि त्या दिवशी हजेरीच घेतली गेलेली नसणे वेगळे.

जे सांगितले पण शून्य सांगितले, ते निरंक. जे सांगितलेच नाही, ते अनुक्त. हा भेद माणसाला कळतो. संगणकावर आज्ञावली बांधून देणाऱ्या साधनांना तो कितपत कळतो, ते ज्या रीतीने समजतात ती रीत त्यांचा वापर करणाऱ्याच्या अपेक्षेशी जुळते काय, आणि जुळते की नाही हे तपासून कसे पाहावे, हा या भाषणाचा विषय आहे. विषय वरकरणी तांत्रिक वाटेल. पण गावची पतपेढी, शाळा आणि कचेरी यांचे दप्तर आता मोठ्या प्रमाणावर संगणकावर ठेवले जाते, आणि त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कितीतरी आज्ञावली अशाच साधनांनी बांधल्या जातात. म्हणून त्यातील एका लहानशा चिन्हाचा अर्थ नीट समजणे किंवा न समजणे, याचे परिणाम त्या विषयाच्या जाणकारांपुरते मर्यादित राहत नाहीत.

बांधणी-साधन म्हणजे काय?

संगणकाची मोठी आज्ञावली एका फाइलीत लिहिलेली नसते. ती शेकडो, कधी हजारो फाइलींत विभागलेली असते. त्या प्रत्येक फाइलीचे यंत्राच्या भाषेत संकलन करावयाचे आणि सर्व तुकडे जोडून एक आज्ञावली सिद्ध करावयाची, हे काम हाताने करू गेल्यास चूक ठरलेलीच. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत 1976 साली नेमके असेच घडले. स्टीफन जॉन्सन या शास्त्रज्ञाने एका आज्ञावलीतील दोष शोधण्यात सकाळ खर्ची घातली. शेवटी असे आढळले की दोष आधीच दुरुस्त झालेला होता. दुरुस्त फाइलीचे फेरसंकलन करावयाचे तेवढे राहून गेले होते. ही हकीकत ऐकून त्यांचे सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ नावाचे साधन तयार केले. कोणती फाइल कोणत्या फाइलीवर अवलंबून आहे आणि ती कशी तयार करावयाची, हे एका टिपणात लिहून ठेवावे. साधनाने फाइलींच्या वेळा ताडून पाहाव्यात आणि जे जुने झाले असेल तेवढेच नव्याने बांधावे, अशी ही योजना होती. या कार्याबद्दल फेल्डमन यांना 2003 सालचा ए.सी.एम. संस्थेचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला. पुढे रिचर्ड स्टॉलमन आणि रोलंड मॅकग्रा यांनी ‘ग्नू मेक’ हा त्याचा मुक्त अवतार लिहिला. आज लिनक्स प्रणालीवर ‘मेक’ म्हटले म्हणजे बहुधा तोच अभिप्रेत असतो. या भाषणातील नियमही, वेगळा उल्लेख नसेल तेथे, त्याचेच समजावेत.

टिपणात एकच गोष्ट वारंवार लिहावी लागू नये म्हणून तिला एक नाव देतात. या नावाला ‘चल’ म्हणतात. समजा, वडोदरा येथील एखादी संस्था आपले वार्तापत्र मराठी आणि गुजराती अशा दोन भाषांत काढते आणि त्याची पाने संगणकावर ‘मेक’च्या साह्याने जुळविते. तेथील टिपणात ‘भाषा’ नावाचे एक चल असेल आणि त्याचे मूल्य ‘मराठी’ किंवा ‘गुजराती’ असेल. तयार पाने कोठे ठेवावयाची हे सांगणारे ‘जागा’ नावाचे दुसरे चल असेल. चलांना देवनागरीत नावे देता येतील काय, अशी शंका कोणाला येईल. ग्नू मेकमध्ये तशी नावे चालतात.

सशर्त व्याख्येची गरज

चलाचे मूल्य सांगणारे अनेक जण असतात. साधनाजवळ स्वतःची काही अंगभूत मूल्ये असतात. ज्या संगणकावर ते चालते, त्याच्या परिसरात काही मूल्ये आधीच नोंदलेली असतात. टिपण लिहिणारा आपल्या फाइलीत मूल्य लिहितो. आणि प्रत्यक्ष काम करणारा आज्ञा देतानाच, आज्ञेच्या ओळीवर, मूल्य सांगू शकतो. या चौघांत मतभेद झाला तर कोणाचे ऐकावे? ग्नू मेकचा क्रम ठरलेला आहे. अंगभूत मूल्यापेक्षा परिसराचे मूल्य श्रेष्ठ, परिसरापेक्षा टिपणातील मूल्य श्रेष्ठ, आणि टिपणापेक्षा आज्ञेच्या ओळीवरचे मूल्य श्रेष्ठ. या क्रमाला अपवाद करण्याची सोय आहे, पण ती मुद्दाम मागावी लागते.

आता टिपण लिहिणाऱ्याची इच्छा पुष्कळदा अशी असते की, दुसऱ्या कोणी काही सांगितले असेल तर त्याला मान द्यावा. कोणीच काही सांगितले नसेल तरच हे मूल्य धरावे. नियमावलीत ‘अन्यथा विहित केले नसल्यास’ असे शब्द असतात, त्यांचे काम येथे एक चिन्ह करते. बरोबरच्या चिन्हापूर्वी प्रश्नचिन्ह लिहितात:

भाषा ?= मराठी

‘भाषा या चलाची व्याख्या अद्याप झालेली नसेल, तर ती मराठी समजावी,’ असा या ओळीचा अर्थ. साधे बरोबरचे चिन्ह वापरले असते, तर परिसरातील मूल्य पुसले गेले असते. प्रश्नचिन्हामुळे ते राखले जाते. हे चिन्ह ग्नू मेकमध्ये आणि बर्कली घराण्यातील मेकमध्ये फार वर्षांपासून आहे. पॉसिक्स या आंतरराष्ट्रीय मानकात मात्र त्याला 2024 च्या आवृत्तीत स्थान मिळाले. म्हणजे जे चिन्ह जगभर इतकी वर्षे वापरात होते, त्याच्या अर्थाची हमी मानकाने अगदी अलीकडे दिली. ज्या साधनावर काम करावयाचे, त्याच साधनावर चाचणी घेण्याची आवश्यकता येथून सुरू होते.

निरंक मूल्याचे काय होते?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. भाषा हे चल परिसरात नोंदलेले आहे, पण त्यापुढे काहीच लिहिलेले नाही, असे समजा. मग प्रश्नचिन्हाची ओळ काय करील? सामान्य समजुतीने उत्तर येते की, मूल्य नाही म्हणून ‘मराठी’ धरले जाईल. प्रत्यक्षात तसे होत नाही. ग्नू मेकच्या नियमाप्रमाणे रिकामे मूल्य दिलेले चल हे व्याख्या झालेले चल होय. कोणी तरी उत्तर दिले आहे. ते निरंक आहे, एवढेच. म्हणून साधन टिपणातील मूल्य बाजूस ठेवते आणि भाषा रिकामीच राहते. या साधनाला निरंक आणि अनुक्त यांतील भेद अचूक कळतो. अडचण अशी की, टिपण लिहिणाऱ्याच्या मनात बहुधा हा भेद आलेलाच नसतो.

पुढची गोष्ट अधिक विचित्र आहे. त्याच टिपणात ‘इफ्डेफ’ नावाची एक अट लिहिता येते. नावावरून ती ‘व्याख्या झाली आहे काय?’ असे विचारीत असावी, असे वाटते. वस्तुतः ती ‘मूल्य रिकामे नाही ना?’ असे विचारते. तेव्हा रिकामे मूल्य दिलेल्या चलाविषयी प्रश्नचिन्ह म्हणते, ‘व्याख्या झालेली आहे’, आणि इफ्डेफ म्हणते, ‘झालेली नाही’. एकाच फाइलीत, एकाच चलाविषयी, एकाच क्षणी दोन परस्परविरुद्ध उत्तरे मिळतात आणि नियमाप्रमाणे दोन्ही बरोबर असतात. शिवाय इफ्डेफ चलाचे मूल्य शेवटपर्यंत उलगडून पाहत नाही. एका चलाचे मूल्य म्हणून दुसऱ्या रिकाम्या चलाचे नाव लिहिले असेल, तर पहिले चल भरलेले आहे असेच ती मानते. पाकिटावर पाकीट लिहिलेले आहे म्हणून आत पत्र आहेच, असे समजण्यासारखा हा प्रकार आहे.

युनिक्सच्या शेलमध्ये हाच भेद एका विसर्गासारख्या चिन्हाने दाखविलेला आहे. तेथे पर्यायी मूल्य सांगताना उण्याच्या चिन्हापूर्वी दोन टिंबे दिली, तर रिकामे मूल्यही ‘नाही’ असे धरले जाते. टिंबे गाळली, तर केवळ अनुक्त मूल्यच ‘नाही’ ठरते. म्हणजे लिहिणाऱ्याने आपला प्रश्न कोणता हे टिंबे देऊन किंवा गाळून स्पष्ट करावयाचे असते. मेकच्या प्रश्नचिन्हात अशी निवड नाही. तेथे ते काम लिहिणाऱ्याने वेगळ्या अटीने करावे लागते.

रिकाम्या चलाचा धोका

वार्तापत्राची भाषा रिकामी राहिली, तर फार तर मथळा छापला जाणार नाही. पण ‘जागा’ या चलाचा विचार करा. टिपणात पुष्कळदा एक ‘साफसफाई’चा विभाग असतो. जागेने दाखविलेल्या कप्प्याखालील सर्व काही पुसून टाकावे, अशी आज्ञा त्यात असते. चलाचे नाव, त्यापुढे तिरकी रेघ आणि त्यापुढे ‘सर्व’ या अर्थाची तारका, असे ते लिहिले जाते. आता जागा रिकामी असेल, तर नाव गळून पडते आणि नुसती तिरकी रेघ व तारका शिल्लक राहते. युनिक्स प्रणालीत नुसत्या तिरक्या रेघेचा अर्थ संपूर्ण संचयाचे मूळ असा होतो. एका खोलीतील रद्दी काढण्याचा हुकूम साऱ्या घरासाठी निघतो. नुसत्या मुळालाच पुसण्याचा हुकूम दिला, तर लिनक्सवरील पुसण्याचे नेहमीचे साधन नकार देते. पण ‘मुळाखालील सर्व’ असे म्हटले, तर ते संरक्षण लागू पडत नाही. ज्या ज्या फाइली पुसण्याचा अधिकार त्या वापरणाऱ्याला आहे, त्या सर्व जातात. आणि माणसाची स्वतःची कागदपत्रे नेमकी त्यातच असतात.

हा धोका काल्पनिक नाही. 2015 च्या जानेवारीत संगणकीय खेळांचे वितरण करणाऱ्या एका प्रसिद्ध आज्ञावलीच्या लिनक्सवरील शेलच्या टिपणात अशाच स्वरूपाचा दोष उघडकीस आला. चलाचे मूल्य रिकामे निघाल्यावर त्याखालील सर्व पुसण्याच्या आज्ञेने वापरणाऱ्याच्या स्वतःच्या फाइली नाहीशा झाल्या. जोडून ठेवलेल्या बाहेरच्या तबकडीवरील प्रतीही वाचल्या नाहीत. त्या ओळीच्या वर लिहिणाऱ्याने ‘हे भीतिदायक आहे’ अशा अर्थाचा शेराही मारून ठेवला होता. धोका जाणवला होता. तपासणी तेवढी राहून गेली होती.

अशा ठिकाणी प्रश्नचिन्ह वापरून पर्यायी मूल्य दिले की भागले, असे मानणे ही मोठी चूक होय. ते अनुक्त मूल्यापासून वाचविते, निरंक मूल्यापासून नाही. व्याख्या न झालेले चल कोठे वापरले गेल्यास सूचना देण्याची सोय ग्नू मेकमध्ये आहे. पण तीही रिकाम्या चलाविषयी मौन पाळते, कारण तिच्या लेखी ते चल व्याख्या झालेले असते.

अंगभूत नावाची अडचण

दुसरी एक फसगत नेहमी आढळते. सी भाषेचा संकलक कोणता, हे सांगणाऱ्या चलाचे नाव ‘सीसी’ असे आहे. अनेक टिपणांत प्रश्नचिन्ह वापरून त्याला एखाद्या विशिष्ट संकलकाचे नाव दिलेले असते. हेतू चांगला असतो, पण ती ओळ काहीच करीत नाही. सीसी या चलाला ग्नू मेकने आधीच अंगभूत मूल्य दिलेले असते. म्हणून ‘अद्याप व्याख्या झालेली नसेल तर’ ही अट कधीच पुरी होत नाही. साधन तक्रार करीत नाही, काम थांबत नाही, आणि लिहिणाऱ्याच्या संगणकावर अंगभूत नाव व त्याच्या मनातील नाव ही दोन्ही एकाच संकलकाकडे नेत असतील, तर वर्षानुवर्षे हा दोष ध्यानातही येत नाही. तो दुसऱ्याच्या संगणकावर प्रकट होतो. यावर इलाज म्हणजे चलाचा उगम विचारणे. ‘ओरिजिन’ नावाचे कार्य हे मूल्य कोठून आले ते सांगते: अनुक्त, अंगभूत, परिसरातील, फाइलीतील, की आज्ञेच्या ओळीवरील. उगम अंगभूत असेल तर आपले मूल्य द्यावे, असे स्पष्ट लिहिले म्हणजे हेतू आणि परिणाम यांचा मेळ बसतो.

वेळेचा प्रश्न

सशर्त व्याख्येत ‘केव्हा’ हा प्रश्नही दडलेला असतो. टिपणातील अटी साधन वाचता वाचताच निकालात काढते. मात्र साध्या चिन्हाने किंवा प्रश्नचिन्हाने दिलेले मूल्य ते वापराच्या वेळी उलगडते. वडोदऱ्याच्या त्या वार्तापत्राच्या टिपणात, भाषा गुजराती असेल तर गुजराती टंक घ्यावा, अन्यथा देवनागरी टंक घ्यावा, अशी अट आरंभी लिहिली आणि शेवटी कोणी तरी भाषेचे मूल्य बदलून ‘गुजराती’ केले, असे समजा. अट वाचली गेली त्या वेळी भाषा मराठी होती, म्हणून टंक देवनागरी ठरला. मजकूर निवडण्याची वेळ आली तेव्हा भाषा गुजराती झालेली होती. त्या टंकात गुजराती अक्षरे नसतील, तर गुजराती मजकुराच्या जागी पानभर रिकाम्या चौकटी उमटतील. एकाही ओळीत चूक नाही. चूक आहे ती क्रमात.

उशिरा उलगडण्याचा दुसरा परिणाम असा. ‘वेळ’ नावाच्या चलाला प्रश्नचिन्हाने ‘आत्ताची वेळ विचारून घे’ असे मूल्य दिले, तर ते चल जितक्या वेळा वापरले जाईल तितक्या वेळा घड्याळ नव्याने पाहिले जाते. एकाच वार्तापत्राच्या पहिल्या आणि शेवटच्या पानावर वेगवेगळी वेळ छापली जाणे अशा रीतीने संभवते. सशर्त व्याख्येनंतर त्याच चलाला तत्काळ उलगडणाऱ्या चिन्हाने स्वतःचेच मूल्य पुन्हा दिले, म्हणजे ते तेथे गोठते.

चाचणी कशी घ्यावी?

श्रोतेहो, आतापर्यंत सांगितलेला एकही दोष आरडाओरडा करीत नाही. साधन थांबले असते, तर माणसाने कारण शोधले असते. ते मुकाट्याने पुढे जाते, म्हणूनच तपासणी मुद्दाम करावी लागते. ती करण्याची पद्धत अवघड नाही. एक अगदी लहान टिपण लिहावे. त्यात केवळ सशर्त व्याख्या आणि चलाचे अंतिम मूल्य व उगम छापणारी ओळ असावी. मग प्रत्येक संभाव्य प्रसंग एकेकटा उभा करावा आणि काय छापले जाईल याची अपेक्षा आधी कागदावर लिहून मगच साधन चालवावे. उत्तर पाहून अपेक्षा ठरविली, तर ती चाचणी न राहता नुसती नक्कल होते.

‘भाषा ?= मराठी’ या एका ओळीसाठी निदान सात प्रसंग तपासले पाहिजेत. पहिला, भाषा कोठेही सांगितलेली नाही, अपेक्षा मराठी. दुसरा, परिसरात गुजराती आहे, अपेक्षा गुजराती. तिसरा, परिसरात नाव आहे पण मूल्य रिकामे आहे, अपेक्षा रिकामे. चौथा, आज्ञेच्या ओळीवर गुजराती सांगितले आहे, अपेक्षा गुजराती. पाचवा, आज्ञेच्या ओळीवर रिकामे सांगितले आहे, अपेक्षा रिकामे. सहावा, फाइलीत या ओळीच्या आधी साध्या चिन्हाने गुजराती दिले आहे, अपेक्षा गुजराती. सातवा, फाइलीत या ओळीच्या नंतर तसे दिले आहे. अंतिम मूल्य गुजराती, परंतु मध्ये येणाऱ्या अटीला दिसणारे मूल्य मराठी. चलाचे नाव अंगभूत नावांपैकी असेल, तर आठवा प्रसंग आपोआप निर्माण होतो. व्यवहारात बहुतेक लोक पहिला आणि चौथा प्रसंग पाहून समाधान मानतात. दोष राहतात ते तिसऱ्या, पाचव्या, सातव्या आणि आठव्या प्रसंगांत.

चाचणीला स्वच्छ भूमी लागते. परिसरात भाषा हे नाव आधीच नोंदलेले असेल, तर पहिला प्रसंग तपासल्याचा केवळ आभास होतो. म्हणून परिसर रिकामा करून आणि हवी तेवढीच नोंद करून आरंभ करावा. ‘सीमेक’ नावाच्या दुसऱ्या एका प्रसिद्ध साधनाबाबत ही काळजी अधिकच घ्यावी लागते. ते काही चलांची मूल्ये बांधणीच्या कप्प्यातील एका फाइलीत साठवून ठेवते आणि पुढच्या वेळी तीच पुन्हा उचलते. टिपणातील पर्यायी मूल्य बदलले तरी जुन्या कप्प्यात जुनेच मूल्य दिसत राहते. नवा कप्पा घेतल्याखेरीज अशा चाचणीवर विश्वास ठेवू नये.

आणखी एक कसोटी आहे. चाचणीला अपयशी होता आले पाहिजे. टिपणातील प्रश्नचिन्ह मुद्दाम पुसून पाहावे. तरीही सर्व प्रसंग उत्तीर्ण झाले, तर चाचणीत काही राम नाही असे समजावे. प्रश्नचिन्ह काढल्यावर दुसऱ्या, तिसऱ्या आणि सहाव्या प्रसंगांची उत्तरे बदललीच पाहिजेत. वजनकाट्यावर वजन न ठेवताही तोच आकडा येत असेल, तर दोष काट्यात असतो.

खुद्द ग्नू मेकचे कर्ते हीच रीत पाळतात. त्या साधनाबरोबर पर्ल भाषेत लिहिलेला चाचण्यांचा मोठा संच येतो. त्यातील प्रत्येक चाचणीत एक लहान टिपण, ते चालविण्याची आज्ञा आणि अपेक्षित मजकूर एकत्र लिहिलेला असतो. मिळालेला मजकूर अपेक्षित मजकुराशी ताडून पाहिला जातो. कोणीही हा संच आपल्या संगणकावर चालवून पाहू शकतो. पण साधनाची चाचणी झाली म्हणून त्यावर लिहिलेल्या टिपणाची चाचणी आपोआप झाली, असे होत नाही. तराजू प्रमाणित असला, तरी माल नीट ठेवून तोलणे दुकानदाराच्याच हाती असते.

करावयाचे काय?

वरील विवेचनातून निघणारे नियम थोडे आहेत. प्रश्नचिन्ह लिहिण्यापूर्वी निरंक उत्तर मान्य आहे की नाही, हे लिहिणाऱ्याने स्वतःला विचारावे. मान्य असेल, तर प्रश्नचिन्ह पुरेसे आहे. मान्य नसेल, तर आगेमागे राहिलेली मोकळी जागा ‘स्ट्रिप’ या कार्याने छाटून मूल्य रिकामे आहे काय ते पाहावे आणि असल्यास पर्यायी मूल्य द्यावे. पुसणे, हलविणे, पाठविणे अशा परत न फिरविता येणाऱ्या कामासाठी मात्र पर्यायी मूल्य मुळीच देऊ नये. मूल्य रिकामे आढळताच ‘एरर’ या कार्याने स्पष्ट शब्दांत कारण सांगून काम थांबवावे. चुकीच्या जागी नेटाने काम करणाऱ्यापेक्षा दारात थांबून ‘कोठे?’ असे विचारणारा कामगार केव्हाही बरा.

पन्नास वर्षांपूर्वी एका शास्त्रज्ञाची सकाळ वाया गेली, त्यातून हे साधन जन्मास आले. यंत्राने काय करावे हे टिपणात लिहिले की माणसाची विसरभोळी वृत्ती आड येणार नाही, अशी त्यामागे अपेक्षा होती आणि ती बऱ्याच अंशी सफल झाली. तथापि, न सांगितलेल्या गोष्टीचा अर्थ काय धरावयाचा, हे यंत्र ठरवीत नाही. ते माणसालाच ठरवावे लागते. निरंक अहवाल आणि न आलेला अहवाल यांची वेगळी नोंद करणारा लेखनिक हे काम पिढ्यानपिढ्या करीत आला आहे. आज्ञावली लिहिणाऱ्याने त्याच्या वहीत एकदा डोकावून पाहावे आणि आपल्या टिपणातही ते दोन रकाने वेगळे ठेवावेत.